पान चहाचे, वेळ जेवणाची

रावेर तालुक्यात चहाचे झुडूप उगवत नाही. तापी आणि सातपुडा यांच्यामधली काळी जमीन चुनखडीयुक्त आहे, पाऊस बेताचा पडतो आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. ठिबकच्या पाण्यावर केळी तग धरते. चहाला मात्र आम्लधर्मी माती, भरपूर पाऊस आणि दमट, सौम्य हवा लागते. तरीही या तालुक्यात चहाशिवाय दिवस उजाडत नाही. पहाटे केळीच्या कापणीला निघालेली टोळी, बसस्थानकावर पहिल्या गाडीची वाट पाहणारे प्रवासी, बाजार समितीत भाव कळेपर्यंत थांबलेले शेतकरी, सगळ्यांच्या हातात तोच कप असतो. आसामच्या किंवा निलगिरीच्या मळ्यातले हे पान दूध-साखरेबरोबर उकळून रोज पोटात जाते, कित्येकांच्या बाबतीत दिवसातून चार-पाच वेळा. एवढ्या नेमाने घेतल्या जाणाऱ्या पदार्थाचा शरीरावर परिणाम होणारच. तो चांगला की वाईट, याचे उत्तर पानाइतकेच पिण्याच्या वेळेवर आणि पद्धतीवर अवलंबून आहे.

चहाच्या झुडपाचे शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. चीनकडील बारीक पानांची आणि आसामकडील मोठ्या पानांची, अशा त्याच्या दोन मुख्य जाती आहेत. हिरवा चहा आणि काळा चहा ही दोन वेगळी झाडे नाहीत. पान एकच, फरक प्रक्रियेचा. खुडलेली पाने कोमेजू देऊन चिरडली, की पानातील विकरे हवेतल्या प्राणवायूच्या साहाय्याने कॅटेचिन या द्रव्यांचे रूपांतर थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन यांमध्ये करतात. काळ्या चहाचा तांबूस रंग आणि तुरटपणा यांतूनच येतो. हिरव्या चहासाठी पाने आधीच वाफेवर किंवा कढईत तापवतात, त्यामुळे विकरे निकामी होतात आणि पान हिरवे राहते. खानदेशातील किराणा दुकानात मिळणारी दाणेदार चहापत्ती ही ‘सीटीसी’ पद्धतीची असते. पान चिरडून, फाडून, गुंडाळून त्याचे बारीक दाणे करायचे हे यंत्र १९३० च्या सुमारास आसाममधील आमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर यांनी बनवले. या दाण्याचा रंग चटकन उतरतो, दुधातही तो फिका पडत नाही आणि थोड्या पत्तीत अधिक कप होतात. उकळलेल्या दुधाच्या चहाचा देशभर जो सुकाळ झाला, त्यात या यंत्राचा वाटा मोठा आहे.

चहाच्या वाळलेल्या पानात साधारण दोन ते चार टक्के कॅफिन असते, आणि कोवळ्या कळीत व पहिल्या दोन पानांत ते सर्वाधिक असते. कोवळ्या पानांवर किडी तुटून पडतात. कॅफिन हे झाडाने त्यांच्याविरुद्ध तयार केलेले कडू संरक्षक द्रव्य आहे. निसर्गात ते फार थोड्या वनस्पतींत सापडते. चहा, कॉफी, कोको, कोला, ग्वाराना आणि दक्षिण अमेरिकेतील येर्बा माते ही त्यांतली मुख्य नावे. माते हे पॅराग्वे, अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलमध्ये गरम पाण्यात घालून धातूच्या नळीने ओढले जाणारे पान. त्याचा चहाच्या झुडपाशी काही संबंध नाही, पण कॅफिन तेच असल्याने तरतरीही तीच. आपल्याकडे अंगणात लावलेला गवती चहा मात्र या यादीत नाही. ते सिट्रल या सुगंधी तेलाने दरवळणारे गवत आहे, त्यात कॅफिनचा लवलेश नाही. तुळस, आले, वेलची यांचेही तसेच. हे पदार्थ पत्तीबरोबर उकळले म्हणजे कॅफिन कमी होत नाही, आणि नुसतेच उकळले तर तो काढा होतो, ज्याने झोप उडत नाही. ‘हर्बल’ असे लिहिलेल्या पुड्यात चहाचे पान आहे की नाही हे घटकांच्या यादीत पाहूनच ठरवावे.

महाराष्ट्रात हे पेय जुने नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांनी दिलेला चहा आणि बिस्किटे यांवरून मोठे वादळ उठले आणि लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यापर्यंत प्रायश्चित्ताचा प्रश्न गेला. तेथे आक्षेप पानाला नव्हता, ते देणाऱ्या हातांना होता. १९०३ मध्ये सरकारने चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून देशात चहाचा प्रचार सुरू झाला. कारखाने, बाजार आणि रेल्वे स्थानके ही त्या प्रचाराची केंद्रे होती. भुसावळसारखे जंक्शन शेजारी असलेल्या आणि भुसावळ-खंडवा लोहमार्गावर वसलेल्या रावेरकडे नवी सवय यायला वाट तयारच होती. विरोधही झाला. १९३६ च्या डिसेंबरात जवळच्या फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. त्याच्याशी निगडित असलेले महात्मा गांधी चहाचे टीकाकार होते. पुढे १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना लिहिलेल्या ‘आरोग्याची किल्ली’त त्यांनी चहातील टॅनिन पोटाच्या आतल्या अस्तराला कातड्यासारखे कडक करते असे मांडले. हे कारण आजच्या शास्त्राला मान्य नाही. पण चहाचा तुरटपणा आरोग्याला बाधतो हा त्यांचा रोख पूर्णपणे चुकीचा नव्हता. त्याचा खरा मार्ग रक्तातील लोहाचा आहे, आणि तो पुढे सविस्तर येईल.

चहाने तरतरी येते ती कशी? माणूस जागा असताना मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि ते ठरावीक ग्राहकांना चिकटले की थकवा व झोप जाणवते. कॅफिनची रचना अ‍ॅडिनोसिनशी मिळतीजुळती असल्याने ते त्या जागा अडवून बसते. थकवा नाहीसा होत नाही, तो कळण्याचा मार्ग तेवढा बंद होतो. चहा प्यायल्यावर अर्ध्या ते एक तासात कॅफिन रक्तात सर्वाधिक असते आणि निरोगी प्रौढात ते निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यात यकृत ते लवकर संपवते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीत ते दुप्पट वेळ टिकते आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहूनही अधिक. चहात थिआनीन नावाचे एक अमिनो आम्लही असते. कॅफिनच्या जोडीने ते एकाग्रतेला मदत करते असे काही प्रयोगांत दिसले आहे, आणि चहाची तरतरी कॉफीपेक्षा सौम्य वाटण्याचे एक कारण म्हणून त्याच्याकडे पाहिले जाते.

रावेरच्या शेतकऱ्यासाठी झोपेचा प्रश्न पुस्तकी नाही. शेतीपंपांना आठवड्यातले काही दिवस रात्रीच वीज मिळते, आणि केळीला पाणी देण्यासाठी मध्यरात्री मळ्यात जावे लागते. तेव्हा घेतलेला चहा विंचू-काट्याच्या वाटेवर सावध ठेवतो, हा त्याचा खरा उपयोग. पण पहाटे तीन वाजता प्यायलेल्या कपातले निम्मे कॅफिन सकाळी आठ वाजताही रक्तात असते, आणि तीच वेळ राहिलेली झोप भरून काढण्याची असते. रात्रपाळी संपण्याच्या सुमारास नव्हे, तर ती सुरू होताना चहा घेतला तर दोन्ही गोष्टी साधतात. ज्यांना रात्री झोप लागत नाही त्यांनी दुपारी चारनंतरचा चहा सोडून पाहावा. औषधाआधी करण्यासारखा हा उपाय आहे.

किती चहा चालतो, याला राष्ट्रीय पोषण संस्थेने आकडा दिला आहे. हैदराबादच्या या संस्थेने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वतीने २०२४ मध्ये आहारविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार प्रौढाने दिवसात ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफिन घेऊ नये. दीडशे मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते, म्हणजे घरचे चार कप या मर्यादेत बसतात. टपरीवरचा कटिंग निम्म्याहून लहान असतो, पण पातेल्यात पुन्हा पुन्हा उकळून तो कडक होतो. बहुतेक कॅफिन पहिल्या पाच मिनिटांतच पाण्यात उतरते. नंतरच्या उकळीने वाढतो तो मुख्यतः तुरटपणा. छातीत धडधड, हात थरथरणे, चिडचिड ही कॅफिन जास्त झाल्याची लक्षणे आहेत. रोजचा चहा अचानक बंद केला की एक-दोन दिवस डोके दुखते, तेही त्याचमुळे. उपवासाच्या दिवशीची डोकेदुखी कित्येकदा भुकेची नसून चुकलेल्या चहाची असते. रिकाम्या पोटी घेतलेल्या चहाने जठरातील आम्ल वाढते, आणि ज्यांना मुळात पित्ताचा त्रास आहे त्यांना ते लगेच जाणवते.

उन्हाळ्यात चहाने अंगातले पाणी कमी होते, हा समज सर्रास ऐकू येतो. कॅफिनने लघवी थोडी वाढते हे खरे, पण रोज पिणाऱ्याला त्याची सवय होते आणि कपातले पाणी त्याहून जास्त असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात दिवसाला चार ते सहा कप काळा चहा पिणाऱ्या पुरुषांच्या शरीरातील पाण्याची स्थिती तेवढेच पाणी पिणाऱ्यांसारखीच आढळली. तो प्रयोग मात्र थंड देशात, बसून राहणाऱ्यांवर झालेला. खानदेशच्या मे महिन्यात घड वाहणाऱ्या मजुराच्या घामातून पाण्याबरोबर मीठही जाते आणि ते चहाने भरून निघत नाही. त्याला पाणी, मीठ घातलेले ताक किंवा लिंबाचे सरबत हवे. चहा त्यांच्या जोडीला चालेल, त्यांच्या जागी नाही.

चहाच्या गरमपणाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, खरे तर द्यायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसच्या वर प्यायलेली पेये ही बहुधा कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. हा निष्कर्ष निघाला तो मुख्यतः दक्षिण अमेरिकेतील माते पिणाऱ्यांच्या आणि इराण, चीनमधील चहा पिणाऱ्यांच्या अन्ननलिकेच्या कर्करोगावरून. त्याच वेळी फार गरम नसलेल्या मातेवरचा ठपका संस्थेने काढून टाकला. दोष पानाकडून तापमानाकडे गेला. इराणच्या गोलेस्तान प्रांतात पन्नास हजार लोकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतलेल्या अभ्यासात साठ अंशांच्या वर, दिवसाला सातशे मिलिलिटरहून अधिक चहा पिणाऱ्यांना हा धोका नव्वद टक्क्यांनी जास्त दिसला. चीनमधील मोठ्या अभ्यासात कढत चहाला दारूची किंवा तंबाखूची जोड मिळाली की धोका कितीतरी वाढल्याचे आढळले. खानदेशात तंबाखू-चुन्याची चिमूट आणि गरम चहा एकाच बैठकीत होतात, म्हणून ही बाब येथे गंभीरपणे घेतली पाहिजे. चहा बशीत ओतून पिण्याची जुनी रीत अलीकडे गावंढळ समजली जाते. तिची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही. पसरट बशीत चहा पटकन निवतो आणि गळा भाजत नाही.

हृदयाच्या बाबतीत बातमी बरी आहे. ब्रिटनमधील सुमारे पाच लाख लोकांच्या माहितीवर २०२२ मध्ये झालेल्या विश्लेषणात दिवसाला दोन किंवा अधिक कप काळा चहा पिणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण नऊ ते तेरा टक्क्यांनी कमी दिसले, दूध घालणाऱ्यांतही. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही, पण मापात घेतलेला चहा घातक नाही एवढे त्यातून म्हणता येते. रावेरच्या चहात गोडीही भरपूर असते, हे मात्र विसरून चालणार नाही. कपात दोन चमचे म्हणजे सुमारे दहा ग्रॅम साखर. चार कपांत चाळीस. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात साखर पंचवीस ग्रॅमच्या आसपास ठेवणे उत्तम मानते. गूळ घातल्याने हिशेब बदलत नाही.

आता लोह. रावेरसाठी चहाच्या आरोग्याची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत आणि पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. अर्ध्याहून अधिक स्त्रिया आणि दर तीनांतील दोन मुले. येथील जेवणात लोहाचे स्रोत नाहीत असेही नाही. बाजरी आणि ज्वारीची भाकरी, उडीद मिसळलेली कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, मेथी, शेपू या सगळ्यांत लोह आहे. पण ते वनस्पतिजन्य आहे. मांसातील लोह शरीर सहज घेते. धान्य-डाळीतील लोहाचा अगदी थोडा भागच आतड्यातून रक्तात जातो. धान्यातील फायटेट त्याला आधीच अडवून धरते. त्यावर जेवताना किंवा जेवण संपताच चहा आला, तर चहातील पॉलिफिनॉल ही तुरट द्रव्ये उरलेल्या लोहाशी जोडली जाऊन न विरघळणारे संयुग तयार करतात आणि ते आतड्यातून तसेच बाहेर पडते.

हा परिणाम किती मोठा आहे? १९९९ मध्ये हरेल, रेड्डी आणि कुक या संशोधकांनी पावाच्या जेवणाबरोबर वेगवेगळी पेये देऊन मोजमाप केले. काळ्या चहाने लोहाचे शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटले. दूध घातल्याने त्यात जवळजवळ काहीच फरक पडला नाही, त्यामुळे दुधाचा चहा निर्दोष असे समजण्याला आधार नाही. पुदिन्याच्या बिनकॅफिनच्या चहानेही ८४ टक्के घट झाली. यावरून स्पष्ट होते की दोष कॅफिनचा नाही, तुरटपणाचा आहे. जेवणानंतर एक तासाने चहा घेतला, तर हाच परिणाम सुमारे निम्म्यावर येतो, असे लंडनमध्ये २०१७ साली तरुण स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात दिसले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सूचनाही हेच सांगतात: जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी नको.

मजूर स्त्रीचा दिवस या नियमाशी कसा जुळतो ते पाहिले पाहिजे. पहाटे घाईत स्वयंपाक उरकून ती चहाबरोबर शिळी भाकरी किंवा पोळी खाते, कारण तेच पटकन होते. अकराच्या सुमारास बांधावर भाकरी सोडली जाते आणि लगेच मालकाकडून चहा येतो. दिवसातल्या दोन्ही जेवणांशी चहा चिकटलेला. तिला चहा सोड म्हणणे निर्दयपणाचे आहे. कष्टाच्या दिवसात तेवढाच विसावा असतो. बांधावरचा तो चहा भाकरीच्या आधी नाही, सोबत नाही, तर तासाभराने कामाच्या मधल्या सुट्टीत आला, तर पैसा न खर्चता तिच्या पोटात जाणाऱ्या लोहाचा मोठा भाग वाचतो. हे करणे मळ्याच्या मालकाच्या हातात आहे. भाकरीबरोबर लिंबाची फोड, पेरू किंवा आवळ्याचे लोणचे असेल तर जीवनसत्त्व ‘क’मुळे लोह अधिक शोषले जाते.

मुलांच्या बाबतीत सवलत देण्याजोगे काही नाही. शाळेत जाण्याआधी चहा-पोळी किंवा चहा-टोस्ट हा खेड्यापाड्यांत अनेक घरांतला नाश्ता आहे. त्यात पोळीतील लोह वाया जाते, साखरेने भूक मरते आणि वाढत्या मुलाला लागणारी प्रथिने मिळत नाहीत. दूध, ताक, शेंगदाणे किंवा केळे यांपैकी जे परवडेल ते द्यावे. केळीच्या तालुक्यात केळे तरी सहज मिळते.

रक्तक्षय रोखण्यासाठी ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ हा कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. त्यात लोहाच्या गोळ्या मिळतात: पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी, किशोरवयीनांना निळ्या आणि गरोदर मातांना लाल गोळ्या शाळा, अंगणवाडी आणि आशा स्वयंसेविकांमार्फत दिल्या जातात. गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा किमान १८० दिवस घ्यायच्या या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. ती चहाबरोबर गिळली तर त्यातले पुष्कळसे लोह फुकट जाते. पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या पाण्याबरोबर, चहापासून दोन तास दूर ठेवून ती घ्यावी. गरोदरपणात कॅफिनही कमीच हवे. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने दिवसाला २०० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे, आणि दोन-तीन लहान कप त्यात सहज बसतात.

रक्तक्षय प्रत्येक वेळी लोहाच्या कमतरतेमुळेच होतो असे नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. तेथे रक्त कमी असण्याचे कारण वेगळे आणि उपचारही वेगळे. थॅलेसेमियासारख्या काही विकारांत तर शरीरात लोह साठत जाते. अशा रुग्णांना जेवणाबरोबर काळा चहा देऊन लोहाचे शोषण कमी करण्याचे प्रयोग झाले आहेत आणि त्यांत यशही आले आहे. एकाला टाळायला सांगितलेला जेवणातला चहा दुसऱ्याला उपयोगी पडू शकतो. म्हणून हिमोग्लोबिन कमी आले की ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पुढची तपासणी करून कारण ठरवून घ्यावे लागते, आणि त्यानंतरच त्या व्यक्तीने चहा केव्हा घ्यायचा हे डॉक्टर सांगू शकतात.